टिचकी शिकली, पुढे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेला एका प्रकल्पासाठी सहा महिन्यांपुरती एक मदतनीस हवी होती. जिल्ह्यातल्या काही शाळा आपल्या गावच्या विहिरींच्या पाण्यातले नायट्रेट किटने मोजून आकडे आमच्याकडे पाठवत. त्यांच्या नोंदी ठेवायच्या, शिक्षकांशी पत्रव्यवहार करायचा आणि प्रवासखर्चाचे तक्ते करून बँकेकडे द्यायचे, एवढेच काम. आलेल्या अर्जांत एक अर्ज रसायनशास्त्राच्या पदवीधर बाईंचा होता. लग्नाआधी दोन वर्षे एका औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी, नंतर अकरा वर्षे घर आणि दोन मुले, आणि आता पुन्हा काम करण्याची इच्छा. सोबत 'महिलांसाठी खास' अशा एका संगणक वर्गाचे प्रमाणपत्र जोडलेले होते. गुण शंभरापैकी ९१.

मुलाखतीत आम्ही त्यांना संगणकावरची सुमारे चारशे शिक्षकांची एक यादी दिली आणि ती अकारविल्हे लावून द्यायला सांगितले. ही यादी आम्हाला एका कार्यालयाकडून आली होती. बाईंनी आत्मविश्वासाने स्तंभ निवडला, योग्य त्या जागी टिचकी मारली आणि एका क्षणात यादी लागली. लागली, पण विचित्रच लागली. इ नंतर ब, ब नंतर क, क नंतर म. मग किरण, मिलिंद, दिनेश, विजया ही मंडळी कुणी गोळा करून बसवल्यासारखी एकत्र. त्यानंतर कुठेतरी प, बऱ्याच खाली त, आणि अ तर पार शेवटाजवळ. बाईंनी परत एकदा तेच केले. परत तेच झाले. त्या कसनुसे हसून म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असणार, मॅडम. वर्गात असं कधी झालं नव्हतं."

त्यांचे काहीही चुकले नव्हते. चूक त्या यादीच्या पोटात होती, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ती आमच्याही लक्षात आधी आलेली नव्हती. आम्ही ही यादी परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम निवडली नव्हती. हाताशी होती म्हणून दिली. काय झाले ते समजून घेऊन त्यांना सांगायला आम्हाला अर्धा तास लागला. तो अर्धा तास हाच या लेखाचा विषय आहे.

संगणकाला अक्षर दिसत नाही. त्याच्याजवळ असतात क्रमांक. पडद्यावर त्या क्रमांकाचे चित्र काढण्याचे काम फाँट करतो. आज सर्वत्र मान्य असलेल्या युनिकोड या संकेतात 'क'चा क्रमांक २३२५ आहे, 'ख'चा २३२६, 'ग'चा २३२७. वर्णमालेचा क्रम क्रमांकांतच असल्याने 'ळ'सारखे एखाददुसरे अक्षर सोडले तर मराठी यादी नीट लागते. पण युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे एक युक्ती प्रचारात आली. इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक वापरायचे, फक्त त्यांची चित्रे मराठी काढायची. कृतिदेव हा असाच एक फाँट. त्यात 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी 'डी' असतो. 'ब' म्हणजे 'सी', 'म' म्हणजे 'ई', 'प' म्हणजे 'आय', 'त' म्हणजे 'आर' आणि 'अ' म्हणजे 'व्ही'. हा क्रम पुन्हा एकदा पाहा. बाईंची यादी संगणकाने बिनचूक लावली होती, फक्त ती इंग्रजी वर्णमालेनुसार लावली होती.

किरण, मिलिंद, दिनेश आणि विजया एकत्र का आले याचे उत्तर आणखी मजेदार आहे. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे येते. टंकलेखन यंत्रावर म्हणूनच ती अक्षराच्या आधी मारावी लागे, आणि कृतिदेवने ती सवय तशीच ठेवली. म्हणजे 'किरण' या शब्दाचे पहिले अक्षर संगणकाच्या दृष्टीने 'क' नाहीच, ती वेलांटी आहे आणि तिची जागा इंग्रजी 'एफ'ची. त्यामुळे ज्यांच्या ज्यांच्या नावाची सुरुवात ऱ्हस्व वेलांटीने होते ते सगळे एका घरात. युनिकोडमध्ये आपण उच्चारतो त्या क्रमाने आधी 'क' आणि मग वेलांटी साठवली जाते, म्हणून तिथे हा घोटाळा होत नाही.

हे सांगून झाल्यावर बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे ही यादी आधी बदलून घ्यायला हवी. तसं करणारं काही असतं का?" असते. फाँट बदलून देणारी साधने मिळतात. पण आम्हाला समाधान वाटले ते या प्रश्नाचे. तीन महिन्यांच्या वर्गात हा प्रश्न त्यांना कुणी पडूच दिला नव्हता.

आम्ही त्यांच्याकडून त्या वर्गाची पुस्तिका मागून घेतली आणि दोन संध्याकाळी बसून वाचली. अशा पुस्तिका सहसा कुणी वाचत नाही. शिकणाऱ्यांना परीक्षेपुरते पाहायचे असते आणि शिकवणाऱ्यांना ती पाठ असते. म्हणून तिचे परीक्षण येथे करीत आहोत. पुस्तिकेचे आणि वर्गाचे नाव सांगत नाही, कारण हा एका वर्गाचा दोष नाही. गेल्या पंचवीस वर्षांत अशा बऱ्याच पुस्तिका आमच्या हातांत आल्या आहेत आणि त्या सगळ्या एकमेकींच्या बहिणी वाटतात.

मुखपृष्ठ गुलाबी. पहिल्या प्रकरणात संगणकाचा इतिहास दीड पानात, त्यात चार्ल्स बॅबेज 'संगणकाचे जनक'. बायकांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेत एडा लव्हलेसचा उल्लेखही नाही. मग संगणकाचे भाग, त्यांची पूर्ण नावे, 'संगणकाचा मेंदू कोणता?' या जातीचे प्रश्न. त्यानंतर शंभराहून अधिक पाने पडद्यांची चित्रे आणि बाण: येथे टिचकी मारा, मग येथे मारा, आता हा रंग निवडा. का मारायची, ते नाही. मारूनही अपेक्षित ते झाले नाही तर काय, तेही नाही. पुस्तिकेतला संगणक कधी चुकतच नाही, आणि शिकणारीने चुकून काही वेगळे केले तर काय होते याचा एकही प्रयोग त्यात नाही.

उदाहरणे पाहा. वाढदिवसाचे निमंत्रण, पुरणपोळीची कृती, किराण्याची यादी, मुलाच्या वर्गाचे वेळापत्रक. पुरणपोळीशी आमचे काही वैर नाही. पण या बाई नोकरीसाठी शिकायला आल्या आहेत हे लिहिणाऱ्याने कुठेतरी ध्यानात ठेवायला नको का? हजेरीपट, साठ्याची नोंद, वस्तू व सेवा कराचे बिल, आलेल्या तक्रारींचा तक्ता, दोन याद्या जुळवून राहिलेली नावे काढणे, यातले एकही उदाहरण पुस्तिकेत नाही. 'खास महिलांसाठी' याचा अर्थ येथे 'थोडे सोपे आणि घरगुती' असा झालेला आहे. ज्या बाईने कारखान्यात टायट्रेशनची बुरेट हाताळली आहे, तिला किराण्याची यादी सुबक रंगवायला शिकवून आपण तिला पुढे नेतो की मागे?

टिचकीच्या शिक्षणाचा खरा दोष मात्र वेगळाच आहे. ते टिकत नाही. नोकरीतून काही वर्षे बाहेर राहणाऱ्या बाईला याचा फटका इतरांपेक्षा जास्त बसतो. एक ठळक उदाहरण घ्या. २००५ साली एखादी मुलगी मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस या आज्ञावलीत वरच्या ओळीतल्या याद्या उघडून कामे करायला शिकली. २००७ च्या आवृत्तीत त्या याद्या गेल्या आणि त्यांच्या जागी चित्रांची पट्टी आली. रोज कार्यालयात बसणाऱ्याने आठ दिवस कुरकुर करून नवी जागा शोधली. ही मुलगी मात्र तेव्हा घरी होती. दहा वर्षांनी ती परत आली तेव्हा तिला वाटले, आपल्याला काहीच येत नाही. छपाईच्या क्षेत्रात तर याहून वाईट झाले. गावोगावच्या डीटीपी वर्गांत अनेक मुलींनी पेजमेकर घोकून पाठ केले. त्या आज्ञावलीची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली; वर्ग मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चालू होते.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९९ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर एक अहवाल काढला होता. लॉरेन्स स्नायडर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संगणक 'साक्षरता' हा शब्दच अपुरा ठरवला आणि त्याऐवजी भाषेवर असते तसे प्रभुत्व मागितले. समितीच्या मते शिकण्याच्या गोष्टी तीन जातींच्या आहेत. एक, आजच्या आज्ञावल्या वापरण्याचे कसब. दोन, माहिती कशी साठवली जाते, संगणकजाळे कसे चालते अशा मूळ कल्पना. तीन, विचारांची ताकद. या तिसऱ्या गटात उत्तर तपासून पाहणे, बिघडलेल्या गोष्टीतून वाट काढणे आणि अनपेक्षिताची अपेक्षा ठेवणे यांचा समावेश आहे. पहिल्या जातीचे शिक्षण लवकर शिळे होते, दुसरी आणि तिसरी टिकते, आणि टिकणाऱ्या दोघींच्या आधारावर पहिली पुन्हा पुन्हा स्वतःची स्वतः शिकता येते. आमच्या हातातली पुस्तिका पहिल्या जातीतच सुरू होऊन तिथेच संपते.

कुणी म्हणेल, मूळ कल्पना वगैरे ठीक आहे, पण बाईंना उद्या नोकरी हवी आहे. त्यांना बिट आणि क्रमांक सांगून काय होणार? हा आक्षेप आम्ही शिक्षकांच्या तोंडूनही ऐकला आहे. त्याचे उत्तर बँकेच्या तक्त्यात आहे.

काही बँकांचे खाते क्रमांक सोळा आकडी असतात. एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत १२३४५६७८९०१२३४५६ हा आकडा भरा, चौकटीला 'संख्या' हे स्वरूप द्या आणि नीट पाहा. शेवटच्या सहाच्या जागी शून्य आलेले दिसेल. संगणक तक्रार करीत नाही, लाल खूण दाखवीत नाही. तो गुपचूप आकडा बदलतो. कारण असे की चौकटीत भरलेला अंक ही 'मोजण्याची संख्या' आहे असे तो गृहीत धरतो. अशा संख्येसाठी त्याच्याजवळ ५३ बिटांची अचूकता असते. दोनाचा ५३ वा घात होतो ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२. हा आकडा सोळा अंकी आहे, पण त्याच्या पुढच्या सगळ्या सोळा अंकी संख्या त्या ५३ बिटांत वेगवेगळ्या मावत नाहीत. म्हणून ही आज्ञावली पंधराच अंकांची हमी घेते आणि सोळावा शून्य करते. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते पहिले शून्यही जाते, कारण संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नाही. शिष्यवृत्तीच्या याद्या करताना आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल.

उपाय सोपा आहे. ती चौकट आधी 'मजकूर' म्हणून ठरवायची. पण उपाय पाठ करून उपयोग नाही. खाते क्रमांक ही संख्या नसून अंकांनी लिहिलेले नाव आहे, त्यांची बेरीज कुणी करणार नाही, हे कळायला हवे. एकदा ते कळले की पिनकोड, आधार क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, हजेरी क्रमांक या सगळ्यांचा विचार आपोआप होतो. हे शिकवायला पाऊण तास पुरतो. हे न शिकवल्यास कुणाची तरी शिष्यवृत्ती अडकते किंवा परत जाते, आणि दोष 'नवीन आलेल्या बाई'वर येतो.

तीच गोष्ट यादी लावण्याची. एकच स्तंभ निवडून तो अकारविल्हे लावला तर नावे हलतात आणि शेजारचे गुण जागीच राहतात. संगणक एक सूचना दाखवतो खरा, पण ती इंग्रजीत असते आणि वर्गात शिकवलेले असते, 'काही विचारले तर ओके म्हणा'. पुस्तिकेत हे वाक्य आम्ही अक्षरशः या अर्थाने तीन ठिकाणी वाचले. आमच्या मते सगळ्या पुस्तिकेत सर्वांत घातक वाक्य हेच.

आता थोडे सरकारी योजनांबद्दल. २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर झाले. ग्रामीण भागातील सहा कोटी घरांत प्रत्येकी एक माणूस शिकवायचा असे उद्दिष्ट होते आणि मार्च २०२४ अखेर ही योजना संपली तेव्हा ६.३९ कोटी लोकांचे प्रशिक्षण झाल्याची नोंद झाली. आकडा मोठा आहे आणि एवढ्या गावांत संगणक पोहोचला याचे मोल आम्ही कमी मानत नाही. महाराष्ट्रात तालुक्यातालुक्यात निघालेल्या एमएस-सीआयटी केंद्रांबद्दलही हेच म्हणता येईल. त्या केंद्रांत शिक्षकही आपल्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून शिकले, काही हौसेने आणि काही वेतनवाढीच्या काळजीने. पण अभियानाचा अभ्यासक्रम वीस तासांचा होता. उपकरणाची ओळख, ते चालवणे, इंटरनेट, ईमेल, पैशांचे व्यवहार, सगळे वीस तासांत, आणि शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा. वीस तासांत भीती जाते. नोकरी करण्याची तयारी होत नाही. भीती घालवण्यासाठी योजना आहे असे म्हटले असते तर आमची काहीच तक्रार नव्हती.

'घरटी एक' या कल्पनेबद्दल मात्र तक्रार आहे. ज्या घरात कुणीच डिजिटल साक्षर नाही, त्या घरातील एकाला शिकवायचे, म्हणजे जणू घरात एक दिवा लावला की सगळ्या खोल्यांत उजेड पडतो. घरातला मुलगा फोन सराईतपणे वापरतो म्हणून त्याची आई साक्षर होत नाही. उलट 'तू राहू दे, मी करून देतो' म्हणून ती आणखी मागे राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३.३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७.१ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल फोन ५३.९ टक्के स्त्रियांजवळच होता. घरे तीच, छप्पर तेच. त्याच्या आधीच्या, २०१७-१८ मधील राष्ट्रीय नमुना पाहणीत संगणक असलेली घरे ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरी भागात २३.४ टक्के होती. म्हणजे वर्गात जे संगणकावर शिकले त्याचा सराव घरी करायला बहुतेकींकडे साधनच नाही. आमच्या या बाईंनीही परीक्षा संपल्यापासून मुलाखतीच्या दिवसापर्यंत, चार महिने, कळफलकाला हात लावलेला नव्हता. ९१ गुण मिळवून.

वेगळ्या रीतीने झालेले काम आपल्याकडे नाही असे नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला वैज्ञानिकांसाठी एक योजना सुरू केली. संसारामुळे काम सुटलेल्या विज्ञान पदवीधर स्त्रियांना परत आणण्याचा तिचा हेतू होता. तिचा एक भाग पेटंटच्या कामाचा. सुमारे वर्षभराचे प्रशिक्षण विद्यावेतनासह, त्यातला बराच काळ प्रत्यक्ष कामाच्या जागी. पुण्यातील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची माहिती-उत्पादनांची संस्था ही अशा प्रशिक्षणाच्या जागांपैकी एक होती. या स्त्रिया तिथे पेटंटांच्या प्रचंड संग्रहांत शोध घ्यायला शिकत. हे संगणकाचेच शिक्षण, पण त्यात 'शोधाची चौकट कुठे आहे' हा प्रश्न पहिल्या दिवशीच संपतो. खरा प्रश्न असतो तो एखाद्या रेणूला किती वेगवेगळ्या नावांनी कुणी लिहिले असेल हा, आणि तो सोडवायला रसायनशास्त्र लागते. बाईचे जुने ज्ञान इथे अडगळ ठरत नाही. तेच भांडवल ठरते. या योजनेचा दोष एवढाच की ती फारच थोड्यांपर्यंत पोहोचली आणि विज्ञानाच्या पदव्यांशी बांधलेली होती. हेच तत्त्व वापरून वाणिज्य शाखेच्या बाईला हिशेबाच्या कामातून, परिचारिकेला रुग्णनोंदींच्या कामातून संगणक शिकवणारे वर्ग का नसावेत, हे आम्हाला कळत नाही.

आणखी मागे गेलो तर इंग्लंडमधले एक उदाहरण सापडते. १९६२ मध्ये स्टेफनी शर्ली या बाईंनी अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' ही कंपनी काढली. मुले झाल्यावर नोकरी सुटलेल्या, पण संगणकाचे काम येत असलेल्या स्त्रियांना त्या घरबसल्या काम देत. पत्राखाली 'स्टेफनी' अशी सही केली की गिऱ्हाइकांचे उत्तर येत नसे, म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. घरी संगणक असण्याचा तो काळ नव्हता. या बायका जेवणाच्या टेबलावर कागद-पेन्सिलीने आज्ञावली लिहीत, ती पुढे छिद्रित पत्र्यांवर किंवा पट्टीवर उतरवली जाई. फोनवर मुलाचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून शर्लीबाई टंकलेखनाच्या आवाजाची फीत लावून ठेवत. कॉनकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचे आज्ञावलीचे काम या घरबसल्या बायकांनी केले. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष अवघे तीन होते. १९७५ मध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाला आणि केवळ बायकांना घेण्याचे त्यांचे धोरण बेकायदा ठरले. ही त्या कायद्याची एक गंमतच.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लेखक शर्लीबाईंच्या धाडसावर थांबतात. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. त्यांनी बायकांना दुरुस्त केले नाही, कामाची रीत बदलली. कामाचे तुकडे कसे पाडायचे, प्रत्येक तुकडा कसा लिहून ठेवायचा, कुणी आजारी पडले तर दुसरीने तो कसा पुढे न्यायचा, हे त्यांनी ठरवले. आपल्या प्रशिक्षणवर्गांचे गृहीतक नेमके उलटे असते. बाईत काहीतरी कमी आहे, ते भरून काढले की झाले. नोकरीची वेळ, पाळणाघर, घरून करता येण्याजोगे काम यांच्याकडे पाहायचे नाही. २०१७ मध्ये सुधारलेल्या मातृत्व लाभ कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची केली. परत कामावर येऊ पाहणाऱ्या बाया जिथे आधी जातात त्या संगणक वर्गात मात्र पाच-सात जणीच असतात आणि मुलाला कुठे ठेवायचे हे ज्याचे त्याने पाहायचे. अर्थात शर्लीबाईंचे उदाहरण जसेच्या तसे उचलता येणार नाही. त्यांच्या बायका आधीच तयार झालेल्या, मोठ्या कंपन्यांत शिकलेल्या होत्या. आपल्याकडे शिक्षण आणि कामाची रीत दोन्हींवर एकदम मेहनत घ्यावी लागेल.

अलीकडे संगणकाशी साध्या भाषेत बोलता येऊ लागले आहे. कुठली टिचकी कुठे मारायची हे आता तोच सांगतो, कित्येकदा मराठीतही. म्हणजे त्या पुस्तिकेची शंभर पाने आणखी स्वस्त झाली. पण लागलेली यादी बरोबर आहे की नाही, हे पाहणारे माणूस अजून लागते.

त्या बाईंना आम्ही घेतले. पहिले दोन आठवडे त्यांना प्रत्येक गोष्ट विचारावीशी वाटे. नंतर प्रश्न कमी झाले आणि चांगले होत गेले. तिसऱ्या आठवड्यात त्या एक तक्ता घेऊन आल्या. एका तालुक्यातल्या सगळ्या विहिरींचे नायट्रेटचे आकडे शेजारच्या तालुक्यांच्या मानाने चौथ्या हिश्श्याच्या आसपास होते. आकडे नीट भरलेले होते, संगणकाच्या दृष्टीने त्यांत काहीही चूक नव्हती, आणि पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ४५ मिलिग्रॅमची जी मर्यादा आहे तिच्या खूप खाली असल्यामुळे ते आम्हाला आवडलेही होते. बाई म्हणाल्या, "मॅडम, यांचं किट नायट्रेट दाखवतंय की नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन?"

आम्ही किटचे पत्रक मागवले. नायट्रोजनच होता. म्हणजे प्रत्येक आकड्याला ४.४३ ने गुणायचे. ज्या विहिरीचे १२ लिहिले होते तिचे ५३ झाले, आणि तिच्यासारख्या आणखी चार विहिरी निघाल्या. त्या गावांना पत्रे गेली. तान्ह्या मुलांना ते पाणी देऊ नये असे त्यांत लिहिले.

प्रकल्प जानेवारीत संपला. बाईंनी त्यानंतर दोन ठिकाणी अर्ज केले. दोन्ही अर्जांच्या नमुन्यांत संगणक प्रमाणपत्राचा क्रमांक आणि गुण भरायला चौकट होती. ही नायट्रेटची हकिकत आम्ही शिफारसपत्रात लिहून दिली आहे.